गाडी पाणी खातेय, पण हेड उघडायच्या आधी कॉम्प्रेसर बघा: दुरुस्तीच्या नोंदी

गाडी म्हणजे ट्रक, २०१३ ची, सहा टायरी, सोळा टनी, सहा सिलेंडरचं टर्बो डिझेल, एअर ब्रेक, म्हणजे कॉम्प्रेसरनं टाक्यांत भरलेल्या हवेवर चालणारे. मीटर साडेसहा लाखाच्या पुढं गेलाय. सातारा ते वाशी मार्केट, जाताना आलं नायतर कांदा, येताना भिवंडीहून किराणा माल. गाडी माझी, चालवतो मीच, सोबत क्लीनर म्हणून गावचाच एक पोरगा असतो. तारखा आणि पैसे भाड्याच्या वहीतनं घेतलेत, कुणाची गाडी अशीच पाणी खात असेल, म्हणजे रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर त्याचे दिवस आणि पैसे वाचावेत म्हणून सगळं लिहितोय, चुका पण.

२६ मार्च २०२४

भिवंडीहून भरून येताना खंबाटकी चढताना तापमानाचा काटा लालमध्ये गेला. बोरघाटात पण वर गेला होता पण लोणावळ्यात खाली आला म्हणून मी दुर्लक्ष केलं, ते करायला नको होतं. घाटातच जागा बघून बाजूला लावली, रेडिएटरच्या ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या) नळीतनं पाणी ठिबकत होतं. पन्नास मिनिटं थांबलो, मग रेडिएटरच्या टोपीवर ओलं पोतं टाकून हळूहळू उघडली. गरम असताना टोपी उघडू नका, आमच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरचा हात आणि मान त्यात भाजलीय.

पाणी गेलं ७ लिटर. एवढं पाणी गेलं तर कुठंतरी राडा दिसायला पाहिजे ना, तर खाली काही नाही, होज (पाण्याचे रबरी पाईप) कोरडे, इंजिनवर डाग नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर (इंजिनचं तेल मोजायच्या पट्टीवर) तेल काळंच, पाणी मिसळून ताकासारखं झालेलं नाही.

२९-३० मार्च

सर्व्हिसिंगला नेऊन इंजिन धुऊन घेतलं, कारण जुन्या चिकट्यात नवीन गळती दिसतच नाही. रात्री खाली पुठ्ठे पसरून ठेवले. सकाळी सगळे कोरडे, फक्त वॉटर पंपाच्या खाली रुपयाएवढा एक डाग.

टोपीचं रबर कडक झालं होतं म्हणून टोपी बदलली (२८० रु), वरचा खालचा होज आणि क्लिपा बदलल्या (१,६४० रु). होज खरं तर चांगले होते, पण हातात पाना आला की माणूस काहीतरी बदलतोच. दोन दिवस गाडी उभी.

२-३ एप्रिल

पुण्याहून हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणला, २,७०० रुपये. रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, पंप मारायचा, काटा पडतो का बघायचं. आमच्या टोपीवर ०.९ बार लिहिलंय म्हणून ०.९ पर्यंतच भरलं, त्याच्या वर नेलं तर चांगला रेडिएटर फुटू शकतो.

थंड इंजिनवर पंधरा मिनिटांत ०.८, तासाभरात ०.६. म्हणजे गळती आहे हे नक्की, पण टॉर्च घेऊन सगळं इंजिन फिरलो, एक थेंब बाहेर दिसंना. इथंच मला थांबून विचार करायला पाहिजे होता की बाहेर येत नाही म्हणजे आत कुठंतरी जातंय, आणि आत जायच्या जागा किती आहेत ते एकेक करून बघू. ते न करता वॉटर पंपाच्या खालच्या भोकापाशी हिरवट पांढरा डाग होता तो धरून बसलो. पंप ४,१५०, मजुरी ७०० रु. जुना पंप हातात घेऊन फिरवला तर बेअरिंग गुळगुळीत, सील कोरडं. डाग जुना होता.

५-६ एप्रिल

वाशी करून आलो. परत ५ लिटर गेलं. या वेळी एक गोष्ट कळली की पाणी नुसतं कमी होत नाही तर ओव्हरफ्लोतनं बाहेर ढकललं जातंय, समोरचा बंपर आतल्या बाजूनं ओला होता.

८ ते ११ एप्रिल

रेडिएटरवाले चाचा म्हणाले चोक असणार, पाणी पुढं सरकत नाही म्हणून उसळतंय. पटण्यासारखं होतं. ८ ला रेडिएटर काढला, ९ ला पाडवा, दुकान बंद, १० ला वरची टाकी उकलून नळ्यांत सळया मारल्या, ११ ला बसवला. ३,८०० रु. पाडव्याला गाडीची पूजा केली ती रेडिएटर नसलेल्या गाडीची, आईला वाईट वाटलं. क्षार निघाला, बराच निघाला, ते काम वाया गेलं असं म्हणणार नाही, पण गळती त्यानं थांबली नाही.

१२ एप्रिल

टोपी उघडी ठेवून इंजिन चालू केलं तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे, चांगले मोठे, एकामागून एक. मिस्त्री आण्णा एका नजरेत म्हणाले, "हेडचं पॅकिंग गेलंय, सिलेंडरची हवा पाण्यात येतीय." हेड म्हणजे इंजिनच्या सिलेंडरांवरचं झाकण, पॅकिंग म्हणजे त्याच्याखालचं गॅस्केट. मी पण मान हलवली. बुडबुडे म्हणजे हेड, हे आम्ही सगळेच लहानपणापासनं गॅरेजमध्ये ऐकत आलोय.

आज वही बघताना तीन गोष्टी दिसतात ज्या तेव्हाच हेडच्या विरुद्ध बोलत होत्या. धूर नव्हता, तेलात पाणी नव्हतं, आणि रेडिएटरमध्ये डिझेलच्या धुराचा वास अजिबात नव्हता. चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. बुडबुडे मध्येच बंद व्हायचे आणि परत सुरू व्हायचे. मी आण्णांना विचारलं पण होतं, ते म्हणाले गरम झालं की पॅकिंग फुगतं आणि बंद होतं. मी ते मान्य केलं. पण इंजिन चालू आहे तोवर सिलेंडरात स्फोट चालूच असतात, सिलेंडरची हवा घड्याळ लावल्यासारखी थांबेल कशी, हे मी त्यांना विचारलंच नाही.

१५ ते २० एप्रिल

१४ ला जयंतीची मिरवणूक, गॅरेज बंद, १५ ला हेड उतरवलं. पॅकिंग बघितलं तर चांगलं. कुठं जळलेलं नाही, दोन सिलेंडरच्या मधली पट्टी शाबूत, पाण्याच्या भोकापासून सिलेंडरकडं काळी रेघ गेलेली नाही. पट्टी लावून हेडची पातळी तपासली, ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठंच शिरंना. लेथवाल्याकडं हेड गरम पाण्यात बुडवून हवा मारून बघितलं, क्रॅक नाही.

एवढं सगळं चांगलं निघाल्यावर तिथंच थांबून "मग हवा येतीय कुठनं" हा प्रश्न विचारायला पाहिजे होता. आम्ही काय केलं, तर हेड उघडलंच आहे म्हणून नवीन पॅकिंग टाकून बंद केलं. एक गोष्ट मात्र मी हट्टानं करून घेतली, बोल्ट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळून घेतले, मधनं बाहेर, टप्प्याटप्प्यानं, पुस्तकात दिलेल्या क्रमानं. आण्णा हाताच्या अंदाजावर आवळायचे, त्यांचा अंदाज चाळीस वर्षांचा आहे पण पॅकिंगला तो अंदाज कळत नाही.

पॅकिंग सेट ६,२००, लेथ आणि टेस्टिंग २,४००, मजुरी ९,०००, तेल आणि फिल्टर ५,९००, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं औषध) ३,१५०. एकूण २६,६५० रुपये. १२ पासून २० पर्यंत नऊ दिवस उभी. त्या महिन्याचा हप्ता घरच्यांकडनं उसने घेऊन भरला.

२१-२२ एप्रिल

या ट्रिपला ठरवलं की प्रत्येक थांब्यावर पाण्याची पातळी बघून लिहायची, फक्त काट्यावर विसंबायचं नाही. निघताना गळ्यापर्यंत भरलेलं. खेड शिवापूरला थोडं कमी. लोणावळ्यात गाडी थंड करून बघितलं, अजून थोडं. बोरघाट उतरून खोपोलीला बघितलं तर एकदम अडीच लिटर खाली! उताराला, इंजिनवर लोड नसताना, काटा शांत असताना. सिलेंडरची हवा पाण्यात येत असती तर ती चढाला जास्त आली असती, उताराला नाही. म्हणजे पाणी जात होतं उतरताना आणि शहराच्या ट्रॅफिकमध्ये, आणि येताना चढाला इंजिन तापायचं ते फक्त पाणी आधीच कमी झालेलं असायचं म्हणून. महिनाभर मी चढावर दोष शोधत होतो.

उताराला काय जास्त चालतं? ब्रेक. ब्रेक म्हणजे हवा, हवा म्हणजे कॉम्प्रेसर. पण हे मला तिथं सुचलं नाही, सुचलं दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीला, आणि ते पण पोरामुळं. तो रोज सकाळी हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढतो. तो आला आणि म्हणाला, "दादा, पयल्या टाकीतनं हिरवं पाणी येतंय." गेलो, हातावर घेतलं. तेलकट होतं, पण हिरवट आणि बोटाला चिकट, कूलंटसारखं. चहाचा अर्धा पेला भरेल एवढं. मी त्याला विचारलं कधीपासनं येतंय, तर म्हणाला आठ-दहा दिवस झाले पण आधी काळं मिसळून यायचं म्हणून कळलं नाही.

एअर ब्रेकच्या बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरचं डोकं (वरचं झाकण) इंजिनच्याच पाण्यानं थंड होतं. एक बारीक पाईप इंजिनच्या ब्लॉकमधनं पाणी आणतो, दुसरा परत नेतो. त्या डोक्याचं पॅकिंग गेलं की दोन्ही बाजूंनी त्रास. कॉम्प्रेसर हवा भरत असताना ७-८ बारची हवा पाण्यात घुसते आणि पाण्याला रेडिएटरच्या बाहेर ढकलते. गाडी बंद केली की उलटं, गरम पाण्याचं प्रेशर कॉम्प्रेसरच्या सिलेंडरात उतरतं, तिथनं टाकीत. टेस्टरचा काटा का पडत होता आणि बाहेर थेंब का नव्हता, दोन्हीचं उत्तर मिळालं.

२४ एप्रिल

घरासमोर टेस्ट. ही टेस्ट फुकट आहे, दहा मिनिटांची आहे, एक माणूस केबिनमध्ये आणि एक रेडिएटरपाशी लागतो. चाकांना दगड लावा, टोपी उघडून इंजिन थंड असतानाच चालू करा, गरम झाल्यावर नाही.

टाक्या आधी पूर्ण रिकाम्या केल्या. स्टार्ट केल्या केल्या बुडबुडे. हवेचा काटा चढत गेला, बुडबुडे चालूच, काटा ८ च्या आसपास गेला आणि फुस्स करून हवा कट झाली, म्हणजे टाक्या भरल्या म्हणून कॉम्प्रेसर हवा भरायचा थांबला, तीन-चार सेकंदात बुडबुडे बंद. पाणी आरशासारखं. मी पोराला ओरडलो, ब्रेक मार. सात-आठ वेळा ब्रेक दाबल्यावर काटा साडेसहाच्या खाली आला, कॉम्प्रेसर परत भरायला लागला, बुडबुडे परत. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच. १२ तारखेला बुडबुडे मध्येच थांबायचे त्याचं कारण हे होतं.

तरी मागच्या अनुभवानं खात्री करायची ठरवली. कॉम्प्रेसरचे दोन्ही पाण्याचे पाईप सोडले, इंजिनकडची दोन तोंडं रबरी होजनं एकमेकांना जोडून क्लिपा मारल्या. कॉम्प्रेसरचं खालचं भोक बोल्टनं बंद, वरच्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बादलीत. इंजिन चालू केलं, दोन सेकंदात बादली उकळल्यासारखी फसफसली. आणि रेडिएटरमध्ये एक पण बुडबुडा नाही. हे तीन मिनिटांच्या वर चालवू नका, कॉम्प्रेसरला पाणी मिळत नसतं.

आण्णांना फोन करून बोलावलं, दाखवलं. बराच वेळ बादलीकडं बघत बसले. म्हणाले, "हेडची मजुरी मी घेणार नाही, परत देतो." मी घेतली नाही, निर्णय दोघांचा होता.

२५ ते २७ एप्रिल

कॉम्प्रेसरचं डोकं उघडलं. पॅकिंग पाण्याच्या भोकापासून सिलेंडरपर्यंत खाल्लेलं, करंगळीच्या नखाएवढा तुकडा गायब. डोकं अॅल्युमिनियमचं, पॅकिंग बसायच्या जागेवर खड्डे पडलेले, मुंग्यांनी कुरतडल्यासारखे. व्हॉल्वच्या पत्त्यांवर कार्बन. आणि हवा टाकीकडं नेणारा पाईप कार्बननं एवढा भरलेला की पेन्सिल आत जाईना. हवा निघायला वाट नाही म्हणून डोकं जास्त तापायचं, आणि पाण्याच्या बाजूनं क्षार.

क्षाराचं कारण मीच. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, घरातल्या बादल्यांना पांढरा थर बसतो, आणि मी कूलंट महाग म्हणून तीन वर्षं अर्धा कॅन टाकून वर बोअरचं पाणी ओतत होतो. कूलंट गंजायला अडवतं, नुसत्या जड पाण्यात अॅल्युमिनियम आधी जातं.

मग परत एक चूक. नवीन डोकं ४,६०० चं, ते वाचवायला फक्त पॅकिंगचं किट (१,३५० रु) आणलं, खड्ड्यांत गॅस्केट शिलर (फटी बुजवायचा लगदा) भरून बसवलं. मजुरी ६०० रु. २६ ला संध्याकाळी बुडबुडे बंद, आम्ही खूश. २७ ला दुपारी गाव ते सातारा चकरा मारल्या, परत चालू. शिलर ७-८ बार आणि त्या उष्णतेपुढं टिकत नाही. बसायची जागा सपाट नसेल तर पॅकिंग कितीही नवीन असो, वेळ घालवू नका.

२९-३० एप्रिल

पुण्याहून नवीन डोकं आणि परत किट. कॉम्प्रेसरच्या ब्लॉकवरची बाजू सपाट होती, पट्टी लावून बघितली. डिलिव्हरी पाईप (टाकीकडं हवा नेणारा) काढून रात्रभर डिझेलमध्ये ठेवला, जाड वायर मारून हवेनं साफ केला, आता बोट जातं. पाण्याचे दोन्ही बारीक पाईप पण अर्धे बुजले होते, ते साफ केले. जोडाचे तांब्याचे वॉशर नवीन टाकले (१२० रु), जुने परत वापरले तर तिथनंच पाझरतं. मजुरी १,२०० रु.

पाणी भरताना घाई केली तर कॉम्प्रेसरमध्ये हवा अडकते. हळूहळू भरलं, कॉम्प्रेसरचा वरचा जोड थोडा ढिला ठेवला, त्यातनं पाण्याची सलग धार आली की आवळला. या वेळी कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं, मिळून २२ लिटर. कूलंट ३,१५० रु.

पाणी थांबलं म्हणजे काम संपलं नाही. महिनाभर कूलंट ब्रेकच्या हवेत जात होतं, आणि ही गाडी दर आठवड्याला माल भरून बोरघाट उतरते. एअर ड्रायरचं (हवेतला ओलावा शोषणाऱ्या डब्याचं) कार्ट्रिज काढलं तर ओलं गच्च, बदललं (२,४०० रु). सगळ्या टाक्या उघडून कोरड्या केल्या, पहिल्या टाकीत अजून पेलाभर निघालं. चारी चाकांचे ब्रेक चेंबर, फूट व्हॉल्व, हँडब्रेकचा व्हॉल्व एकेक करून लावून सोडून बघितलं, कुठं अडकतंय का, हवा सुटतेय का. सगळं ठीक निघालं, तेव्हा कुठं मला झोप लागली. ज्यांच्या टाकीत हिरवं पाणी आलंय त्यांनी इंजिनची काळजी नंतर करा, आधी ब्रेक.

कॉम्प्रेसरचं तेल इंजिनमधलंच असतं, त्यामुळं रिंगांतनं पाणी खाली इंजिनच्या तेलाच्या चेंबरमध्ये गेलं का हे पण बघावं लागतं. गरम तव्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब टाकले, पाणी असतं तर तडतडलं असतं, गप राहिले. तेल दहा दिवसांचंच होतं म्हणून ठेवलं.

१२ मे

चार ट्रिपा झाल्या. खोपोलीला उतरल्यावर, वाशीला, परत खंबाटकीच्या वर, प्रत्येक ठिकाणी थंड करून बघितलं. पातळी पहिल्या ट्रिपला अर्धा लिटर बसली, अडकलेली हवा निघाली असणार, त्यानंतर जिथल्या तिथं. खंबाटकीत भरल्या गाडीला काटा मध्याच्या वर जात नाही, आणि हवा पण लवकर भरतेय, आधी सकाळी पुरेशी हवा भरून ब्रेक सुटायला दहा मिनिटं लागायची, आता चारात काम होतं. ती उशिरा भरणारी हवा पण इशाराच होती, मी समजत होतो गाडी जुनी झाली.

पैशाचा हिशोब. कॉम्प्रेसर सापडायच्या आधी ३७,२२० रुपये गेले. कॉम्प्रेसर, ड्रायर, कूलंट मिळून १४,७७० लागले, त्यात वाया गेलेलं पहिलं किट पण आहे. टेस्टरचे २,७०० वेगळे, तो आता गावात तिघांनी वापरला. गाडी उभी २५ दिवस, त्यातले १७ हेडपर्यंतचे.

पोरगा आता सकाळचं पाणी जमिनीवर सोडत नाही, काचेच्या बाटलीत धरतो आणि उजेडात बघतो. आजचं काळपट होतं, दोन चमचे.